काळा घोडा कला महोत्सव : मोफत आणि मोकळा, पण आणखी धीट व्हायला हवा

तिकीट न काढता, निमंत्रणपत्रिका न दाखवता आणि कोणाची ओळख न सांगता जिथे नृत्य, नाटक, चित्र आणि साहित्य एकाच संध्याकाळी पाहता-ऐकता येते, अशा जागा मुंबईत फारशा नाहीत. जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस भरणारा काळा घोडा कला महोत्सव ही त्यांतली सर्वांत मोठी जागा आहे. म्हणून कार्यक्रमांची यादी तपासण्यापेक्षा, हा महोत्सव शहरातल्या सर्वसामान्य माणसाला काय देतो आणि आपल्या सार्वजनिक जीवनात त्याचे काम काय, या दोन प्रश्नांवर त्याला जोखणे मला योग्य वाटते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवासाठी के. दुभाष मार्ग, म्हणजे जुना रॅम्पार्ट रो, वाहनांना बंद केला जातो आणि एरवी गाड्यांनी अडलेल्या त्या रस्त्यावर मांडणशिल्पे उभी राहतात. जहांगीर कलादालनाची पायरी चढायला वर्षभर संकोचणारी कुटुंबे इथे त्या शिल्पांना हात लावून पाहतात, ती कशाची बनवली आहेत यावर मोठ्याने वाद घालतात आणि मग सहज म्हणून दालनातही शिरतात. जहांगीरबाहेरच्या पदपथावर स्टुलावर बसलेल्या माणसाचे कोळशाने व्यक्तिचित्र काढणारा चित्रकार आणि त्याच्या पाठीमागे उभे राहून कागदावरचे नाक समोरच्या नाकाशी ताडून पाहणारी दहा-बारा माणसे, हे दृश्य मला कोणत्याही वातानुकूलित प्रदर्शनापेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण तिथे प्रेक्षक परीक्षक होतो आणि त्याला तसे होण्याची परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत, झाडांखाली होणाऱ्या साहित्यविषयक गप्पा ही माझ्या मते या महोत्सवातली सर्वोत्तम गोष्ट आहे. वक्ता आणि श्रोता यांच्यात तिथे जेमतेम काही हातांचे अंतर असते आणि प्रश्न थेट विचारता येतात.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि त्यासाठी या जागेचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. ज्या पुतळ्यामुळे हे नाव पडले तो ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये इथून हलवून पुढे राणीच्या बागेत ठेवला गेला. राजा गेला, पण चौकाला घोड्याचे नाव चिकटून राहिले. २०१७ मध्ये इथे नवा घोडा बसवला गेला, तोही स्वाराविना. याच परिसरातल्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जिथे आज राज्य पोलीस मुख्यालय आहे, १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत विधिमंडळ भरत असे आणि म्हणून गिरणी कामगारांपासून महागाईविरोधात उतरलेल्या महिलांपर्यंत अनेकांचे मोर्चे काळ्या घोड्यापाशी अडवले जात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर जिथे गोळीबार झाला ते फ्लोरा फाउंटन, आजचा हुतात्मा चौक, इथून चालत काही मिनिटांवर आहे. पुढे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यायालयाच्या आदेशानंतर मोर्चे आणि धरणी आझाद मैदानाच्या एका भागापुरती मर्यादित झाली, आणि साधारण त्याच सुमारास या रस्त्यावर महोत्सव आला.

या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. तरीही रहदारीचे कारण देऊन जो परिसर मागण्या घेऊन येणाऱ्या माणसांना बंद झाला, तोच कला पाहायला येणाऱ्यांसाठी रहदारी थांबवून मोकळा होतो, तेव्हा त्या महोत्सवावर एक जबाबदारी येते, असे मला मनापासून वाटते. पोलीस, महापालिका आणि प्रायोजक या तिघांच्या संमतीवर उभा असलेला कोणताही महोत्सव साहजिकच सांभाळून बोलतो. पर्यावरण किंवा प्लास्टिकचा कचरा यांवरच्या मांडणशिल्पांना कोणाची हरकत नसते. पण गिरण्यांच्या जमिनी, झोपडपट्टीचे पुनर्वसन किंवा किनाऱ्यावरून हटणारे कोळीवाडे हे याच शहराचे विषय आहेत आणि त्यांवर लोकशाहीर, पथनाट्यवाले, दलित रंगभूमीवरचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले आहेत. त्यांना मुख्य रस्त्यावर आणि गर्दीच्या वेळी जागा मिळायला हवी. मराठी कार्यक्रमांबाबतही माझे हेच म्हणणे आहे.

प्रायोजकांच्या पैशाबद्दल मात्र सरसकट नाक मुरडणे मला मान्य नाही. आयोजक असलेली काळा घोडा असोसिएशन महोत्सवातून उभ्या राहणाऱ्या निधीतून जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करते, आणि फोर्टमधल्या रतनसी मुळजी जेठा कारंज्याचे पुनरुज्जीवन हे त्याचे डोळ्यांना दिसणारे उदाहरण आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की शनिवार-रविवारच्या संध्याकाळी मुख्य रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते आणि शिल्पांपेक्षा मोबाइलच जास्त दिसतात, म्हणून आठवड्यातली एखादी दुपार निवडावी. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत यावे, आधी पदपथावरची चित्रे पाहावीत, मग ससून ग्रंथालयाची बाग गाठावी, आणि वक्त्याला या परिसराबद्दल एखादा अवघड प्रश्न अवश्य विचारावा.