दोन्हींवर ४५०च लिहिलेलं, पण एसएमपीएस एकच घेण्याजोगा

सदाशिव पेठेत माझं डीटीपीचं ऑफिस आहे. पत्रिका, प्रबंध, दिवाळीच्या आधी अंकांची पानं. एका कॉम्प्युटरला नवा एसएमपीएस (भिंतीतली वीज मशीनला लागणाऱ्या कमी व्होल्टची करून देणारा डबा) हवा होता म्हणून तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, गेले. दुकानदारांनी काउंटरवर दोन मांडले. दोन्हींवर ठळक अक्षरात ४५०, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. "ताई, वॅट तेवढेच आहेत, कॅबिनेटसोबत हाच जातो," असं ते स्वस्तातल्याबद्दल म्हणाले.

मी दोन्ही उलटे करून लेबल वाचलं. हल्लीच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून ओढतात, म्हणून आकडा बघायचा तो तिथला. स्वस्तातल्यावर १२ व्होल्टला १६ अँपिअर होते. गुणाकार केला की १९२ वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेले, तिथे आता एवढी मागणीच नसते. दुसऱ्यावर ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट. शिवाय स्वस्ताला मागे ११५/२३० चा लाल सरकता स्विच होता. तो दिसला की अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतली वीज सुरळीतपणे ओढणारं सर्किट) नाही असं धरून चालावं. वायरींवरचे बारीक आकडेही वाचा: १८ एडब्ल्यूजी (वायरीच्या जाडीचं माप, आकडा मोठा तशी वायर बारीक) चांगली, २० किंवा २२ म्हणजे त्याहून बारीक तांबं.

महागडा घेतला. त्यावर ८० प्लस ब्राँझचा शिक्का आहे, पण तेवढ्यावर जाऊ नका. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस वेळेत बंद होईल का, याबद्दल काही सांगत नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार असू शकते. लेबलच वाचावं.

ऑफिसमध्ये जोडल्यावर भारी पीडीएफ एक्स्पोर्टला लावली आणि एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या (चार पिनांच्या जुन्या जोडणीच्या) पिवळ्या-काळ्या वायरीवर मल्टिमीटर लावला. ११.९ व्होल्टच्या आसपास स्थिर. मर्यादा ११.४ ते १२.६ आहे, तेव्हा उत्तम. मग चालू कामातच यूपीएसचा भिंतीतला प्लग काढला. यूपीएस बॅटरीवर जाईपर्यंतचे काही मिलिसेकंद एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरवर काढायचे असतात. मशीन हललंसुद्धा नाही. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची परीक्षा, कारण रात्री अंक छापखान्यात जायचा असताना फाइल बिघडली तर ग्राहकाला तोंड दाखवता येत नाही. स्क्वेअर वेव्हच्या (बॅटरीवर गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणाऱ्या) स्वस्त यूपीएसवर काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस रुसतात, तेव्हा घरच्या यूपीएसवर ही चाचणी नक्की करा, आधी फाइल सेव्ह करून. खोलून मात्र कोणी बघू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात. जाळीतून टॉर्च मारला तरी कपॅसिटरवरचं ८५ की १०५ अंश हे बऱ्याचदा वाचता येतं. १०५ वाला जास्त टिकतो.

तक्रार दोन गोष्टींची. पंखा भाराखाली ऐकू येतो. आणि प्रोसेसरची केबल आखूड आहे: माझ्या जुन्या छोट्या कॅबिनेटमध्ये जेमतेम पोचली, उंच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली बसतो तिथे मदरबोर्डच्या मागून आणायची तर पुरणार नाही. तुमचं कॅबिनेट तसं असेल तर खरेदीला निघण्याआधी टेप लावून अंतर मोजा, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.