थ्रेन की राझमिरान: कॅम्पेनसाठी कोणतं धर्मराज्य घ्यावं?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) किंवा ‘पाथफाइंडर’सारख्या रोलप्लेइंग खेळाच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, पुजाऱ्यांच्या हाती कारभार असलेला देश हवा असेल, तर तयार पर्याय बरेच आहेत. डी अँड डीच्या ग्रेहॉक या जगातलं, फोल्टस देवाच्या भक्तांचं पेल आहेच, पण ते मला कायम एकसुरी वाटलं. माझ्या लेखी खरी निवड दोघांतच: डी अँड डीच्याच एबेरॉन या जगातलं थ्रेन आणि पाथफाइंडरच्या गोलॅरियन या जगातलं राझमिरान. दोन्ही मी चालवली आहेत. तुमचे खेळाडू माझ्या खेळाडूंपेक्षा निराळे वागतीलही, तेवढं धरून वाचा.

राझमिरानला तयारी फार लागत नाही. तिथला राज्यकर्ता राझमिर स्वतःला जिवंत देव म्हणवतो, माणसाला देव बनवणाऱ्या स्टारस्टोनची परीक्षा पार केल्याचं सांगतो, आणि असतो नुसता बलाढ्य विझार्ड, म्हणजे जादूगार. त्याचे मुखवटेवाले पुजारी लोकांना लुबाडतात, त्यामुळे राग कोणाचा करायचा हे पहिल्याच सेशनला ठरतं. शिवाय मुखवट्यांमुळे डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, चैन असते. मागच्या आठवड्यात मेलेला पुजारी या आठवड्यात परत आणा, कोण ओळखणार?

घोडं पेंड खातं ते राझमिर देव नाही या एका रहस्यापाशी. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत, समोर टाकला जाणारा मंत्र स्पेलक्राफ्ट या कौशल्यावर ओळखता येतो. माझ्या पुजाऱ्याने भर चौकात एका लोहाराची जखम ‘इन्फर्नल हीलिंग’ने भरली. मुद्दामच तो मंत्र निवडला होता, कारण तो विझार्डलाही येतो आणि क्लेरिकलाही, म्हणजे देवाकडून शक्ती मिळणाऱ्या पुजाऱ्यालाही. पण त्याला सैतानाच्या रक्ताचा थेंब किंवा अपवित्र पाणी लागतं. आमच्या क्लेरिकवालीने फासा टाकला, बेरीज केली आणि शांतपणे विचारलं, “महाराज, हे रक्त तुमच्या देवाचं की सैतानाचं?” टेबल हसलं, आणि तिथून पुढे त्या देशात धर्म उरलाच नाही, उरली एक टोळी. नंतर कुठलाही पुजारी दिसला की ठराव एकच: मुखवटा ओढा. भक्तांशी कोणी दोन शब्द बोलेना. ढोंग माहीत झाल्यावर बोलायचं तरी काय?

थ्रेनमध्ये ही सोय खेळाडूंना मिळत नाही, कारण तिथली श्रद्धा खरी आहे. टिरा मिरॉनच्या बलिदानाने बेल शॅलोर हा महाराक्षस बांधला गेला, आणि तिथल्या रुपेरी ज्योतीच्या पंथातल्या पॅलाडिनना, म्हणजे धर्मयोद्ध्यांना, बळ खरोखर मिळतं. एबेरॉनच्या कालगणनेत ९१४ साली राजा थॅलिन गेल्यावर राज्य चर्चकडे आलं. राणी डियानी नावापुरती आहे आणि ज्योतीची रक्षक जेला डॅरन अवघी ११ वर्षांची. डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीत जेला राजधानी फ्लेमकीपमध्ये १८व्या पातळीची क्लेरिक आणि शहराबाहेर तिसऱ्या, म्हणजे “तिलाच बोलवू या” हा मार्गही बंद. त्याच आवृत्तीत कार्डिनल क्रोझेन दुष्ट आहे, तरी त्याचे मंत्र चालतात, कारण एबेरॉनमध्ये नीयत बिघडली म्हणून क्लेरिकची शक्ती जात नाही. मग तो लबाड म्हणायचा की ज्योतीला तोच हवा आहे? आमच्याकडे पॅलाडिन आणि शिफ्टर (लायकॅन्थ्रोपांचे वंशज) यांचं यावरून रीतसर वाजलं, कारण लायकॅन्थ्रोपांच्या, म्हणजे जनावराचं रूप घेणाऱ्या माणसांच्या, शुद्धीकरणात शिफ्टरचे पूर्वज नाहक मारले गेले होते आणि ते करणारे पॅलाडिनच्याच पंथाचे.

‘कम्यून’ हा मंत्र मिळाला की क्लेरिक थेट वर देवालाच प्रश्न विचारतो आणि डीएमचं कारस्थान तिथेच झोपतं, हे दुखणं तुम्हाला ठाऊक असेलच. थ्रेनमध्ये यावरही तोड आहे. ज्योतीतून टिरा बोलते तसा बेल शॅलोरही कुजबुजतो. आलेलं उत्तर कोणाचं, हे क्लेरिकने ठरवायचं!

थ्रेनला वाचन जास्त लागतं, हे कबूल. ‘शेवटचं युद्ध’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एबेरॉनमधल्या युद्धाचा इतिहास नीट सांगितला नाही तर पहिली काही सेशन थंड जातात, आणि मारामारीसाठी जमणाऱ्या ग्रुपला कार्डिनलांचं राजकारण पचेलच असं नाही. दोन-तीन सेशनमध्ये संपणारी गोष्ट हवी असेल तर राझमिरान बिनधास्त घ्या, फक्त खेळाच्या पुस्तकातलं राझमिरानचं पान आधी वाचलेला खेळाडू टेबलवर नाही ना, ते बघा. लांबचं कॅम्पेन असेल तर मी थ्रेनकडे झुकेन. आणि घेतलंत तर क्रोझेनला पहिल्या भेटीत खेळाडूंचं एखादं मोठं काम करून देऊ द्या, तेही मनापासून.