कंट्रोल आर्मचे बुश: रबर, पॉलियुरेथेन आणि पुन्हा थोडे रबर, दोन वर्षांच्या वापरानंतर

सावकाश ब्रेक लावताना पुढच्या डाव्या चाकाकडून एकदाच ‘खट्’ असा आवाज यायचा आणि ब्रेक सोडून गाडी पुढे निघाली की तोच आवाज पुन्हा व्हायचा. जवळजवळ दोन महिने मी त्याचा दोष शॉकअपला देत होतो. शॉकअप बदलले, आवाज तसाच राहिला. शेवटी गाडी स्टँडवर घेऊन लोअर आर्म (चाकाला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारा खालचा कंट्रोल आर्म) आणि चासीवरचे ब्रॅकेट यांच्यामध्ये पहार घालून हलवली, तेव्हा आर्मच्या मागच्या बुशचे (आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या नळीसारख्या लवचीक सांध्याचे) रबर आतल्या नळीपासून अर्ध्याहून अधिक सुटलेले दिसले. त्या चाकाचा टायर आतल्या कडेने का झिजत होता, याचाही उलगडा तेव्हाच झाला. व्हील अलाइनमेंट दोनदा करूनही फरक पडत नव्हता, कारण यंत्रावर उभ्या असलेल्या गाडीत टो (चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) बरोबर दिसतो; ब्रेक लागताच सैल आर्म मागे सरकतो आणि टो बदलतो.

गाडी तेव्हा ९२,००० किलोमीटर चालली होती आणि त्यातला मोठा भाग खडीचा, खाचखळग्यांचा होता. पुढे दुहेरी विशबोन (प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म), मागे चार लिंक (ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे) आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) यांवर धरलेला अखंड ॲक्सल, अशी तिची रचना आहे. पुढचे आठ आणि मागचे दहा मिळून अठरा बुश. या दोन वर्षांत मी ते तीन टप्प्यांत बदलले आणि प्रत्येक टप्प्याचा अनुभव वेगळा आला.

पहिल्या टप्प्यात पुढचे आठही बुश कंपनीच्या मूळ प्रकारचे, रबराचे बसवून घेतले. गाडी लगेच शांत झाली, पण सातव्या महिन्यात तोच आवाज परत आला. नव्या मालात खोट असावी असे मला वाटले होते. बुश काढून पाहिल्यावर मात्र चूक बसवण्यात झाली होती हे स्पष्ट झाले. रबराच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही नळ्यांना कायमचे चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते, आणि त्यानंतर आर्म वर-खाली होताना काहीही घसरत नाही, फक्त रबर पिळले जाते. म्हणजेच बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात असतो, तीच त्या रबराची विश्रांतीची जागा ठरते. माझी गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असतानाच, बोल्ट पक्के आवळले गेले होते. गाडी जमिनीवर उतरली त्या क्षणापासून रबर पिळलेल्या अवस्थेत होते, आणि प्रत्येक धक्क्याला ते आणखी पिळले जात होते. ते सात महिने टिकले हेच पुष्कळ म्हणावे लागेल. रबराचे बुश बसवून घेणाऱ्याने एवढी एक गोष्ट स्वतः उभे राहून पाहावी: बोल्ट आधी हातानेच लावायचे, गाडीचे वजन चाकांवर आणायचे, आणि मगच टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) शेवटचे आवळायचे.

या अनुभवाने वैतागून दुसऱ्या टप्प्यात मी अठराही ठिकाणी पॉलियुरेथेनचे (थोडक्यात ‘पॉली’, रबरापेक्षा कडक कृत्रिम पदार्थाचे) बुश घेतले आणि ते अकरा महिने वापरले. हे बुश दोन अर्ध्या भागांत येतात, प्रेसशिवायही बसवता येतात आणि त्यांच्यात आतली नळी ग्रीसच्या थरावर मोकळी फिरते, त्यामुळे पिळाचा प्रश्न बराचसा सुटतो. पक्क्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी फरक जाणवला. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभरही न रेंगाळता वळत होती, जोरात ब्रेक लावला तरी नाक एका बाजूला ओढले जात नव्हते, आणि टायरची आतली झीज थांबली. केवळ डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी इथेच थांबलो असतो.

कच्च्या रस्त्यावर मात्र हळूहळू दुसरी बाजू दिसू लागली. मोठा खड्डा स्प्रिंग आणि शॉकअप सांभाळतात, पण खडीची बारीक, वेगवान थरथर चासीपर्यंत पोहोचण्याआधीच शोषून घेण्याचे काम बुशचे असते. शिवाय चाक दगडावर आदळते तेव्हा ते किंचित मागे सरकू शकले तर धक्क्याची धार बोथट होते, आणि त्यासाठीच लोअर आर्मचा मागचा बुश मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. माझ्या मूळ बुशच्या रबरात दोन पोकळ फटी होत्या, त्या याच कारणासाठी: एका दिशेने मऊ, दुसऱ्या दिशेने ताठ. भरीव पॉलीने ही सोय काढून घेतली. नागमोडी खडीवर तासाभराने हातांना मुंग्या येऊ लागल्या, आणि दहाव्या महिन्यात डाव्या बाजूचा बॉल जॉइंट (आर्मचे चाकाकडचे टोक धरणारा गोलाकार सांधा) सैल झाला. तो जुनाच होता, त्यामुळे सगळा दोष बुशवर टाकणे न्याय्य होणार नाही. पण जो धक्का पूर्वी रबरात जिरत होता तो आता पुढे कुठेतरी पोहोचत होता, याविषयी मला शंका नाही.

मागच्या ॲक्सलवर परिणाम अधिक गंभीर होता. पुढच्या आर्मला बिजागरासारखे एकाच आसाभोवती फिरायचे असते. अखंड ॲक्सलच्या लिंकचे तसे नाही: एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असताना ॲक्सल तिरका होतो आणि प्रत्येक लिंकला स्वतःच्या लांबीभोवतीही वळावे लागते. मऊ रबर हे वळण सहन करते, कडक पॉली त्याला अडवते. एकाच जागी, त्याच उंचीवर पुढचे-मागचे चाक चढवून मी मोजले तेव्हा मागच्या चाकाचा खाली जाण्याचा पल्ला सुमारे ३० मिलिमीटरने कमी झालेला आढळला. पूर्वी जमिनीला टेकून राहणारे चाक आता हवेत उचलले जात होते. अडवलेला पीळ नाहीसा होत नाही, तो ब्रॅकेटवर येतो. वरच्या उजव्या लिंकच्या ब्रॅकेटवर, वेल्डिंगच्या काठाला, मला केसाएवढी भेग दिसली आणि मी त्याच आठवड्यात मागचे पॉली बुश काढले.

देखभालीचाही मुद्दा आहे. पाण्यातून दोन-तीनदा गाडी गेली की ग्रीस धुतले जाते आणि बुश करकरू लागतात. चिखलातली बारीक वाळू नळी आणि बुश यांच्यामध्ये शिरली की ती पॉलिश पेपरसारखी घासते. मी साधारण ५,००० किलोमीटरनंतर ते उघडून सिलिकॉनचे ग्रीस भरत होतो. काढलेल्या दोन नळ्यांवर बोटाला जाणवतील अशा खाचा पडल्या होत्या.

तिसरा टप्पा गेले सहा महिने चालू आहे. पुढच्या अप्पर आर्मला आणि लोअर आर्मच्या पुढच्या बाजूला पॉली कायम ठेवले. लोअर आर्मच्या मागे मूळचा फटी असलेला रबरी बुश परत आणला. मागच्या चारही लिंकना रबर, आणि पॅनहार्ड रॉडला तेवढे पॉली, कारण तिथे वळण कमी आणि आडवा जोर जास्त असतो. रबरी बुश प्रेसवर बसवताना फटींची दिशा जुन्या बुशवरच्या खुणेशी जुळवून घेतली. ती नव्वद अंशांनी चुकली तर बुश नेमका नको त्या दिशेने मऊ होतो. बसवताना साबणाचे पाणी वापरले, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि पोचट होते. काम झाल्यावर टो, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) तिन्ही तपासून घेतले.

आता स्टिअरिंग पूर्ण पॉलीइतके तीक्ष्ण नाही, पण मूळ रबरापेक्षा नेमके आहे, आणि खडीवरची थरथर पुन्हा सहन होण्याजोगी झाली आहे. मागच्या चाकाचा गेलेला पल्ला जवळजवळ पूर्ण परत आला. गेल्या आठवड्यातल्या तपासणीत लिंकच्या दोन रबरी बुशच्या कडेला वरवरचे बारीक तडे दिसले. एवढ्यावरून मी ते बदलणार नाही. रबर नळीपासून सुटले आहे का आणि पहारीने हलवल्यावर आर्म सरकतो का, हे दोन्ही पाहिले आणि दोन्हींचे उत्तर सध्या नाही असे आहे. वेल्ड करून घेतलेल्या ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात दिला आहे, म्हणजे भेग पुन्हा उघडली तर ती लगेच नजरेला येईल.