जबड्यातली नसेची गाठ: श्वानोमा की एमपीएनएसटी?

दोन्ही गाठी नसेच्या आवरणातून उगवतात आणि खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही विरळाच. एक्स-रेवर दोन्ही काळसर पोकळीसारख्या दिसू शकतात, त्यामुळे नुसत्या फिल्मवर विसंबू नये.

श्वानोमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सौम्य, सावकाश वाढणारी, वेष्टनात बंद. पूर्ण सोलून काढली की सहसा परतत नाही.

एमपीएनएसटी (मॅलिग्नंट पेरिफेरल नर्व्ह शीथ ट्यूमर) मात्र कर्करोग. भरभर वाढणारी सूज, दुखणं, दात हलणं आणि खालचा ओठ-हनुवटी बधिर होणं. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची खूण ही बधिरताच. दाढ काढलेली नाही, मार लागलेला नाही, तरी ओठ बधिर, तर वाट पाहू नये. जवळपास निम्म्या रुग्णांना एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १) हा जनुकीय आजार असतो. काहींना पूर्वी त्याच भागात रेडिएशन दिलेलं असतं.

बायोप्सीत एस-१०० हे प्रथिन श्वानोमात सर्वत्र ठळक दिसतं; एमपीएनएसटीत अनेकदा तुरळक किंवा अजिबातच नाही. एमपीएनएसटीत नुसती गाठ सोलून भागत नाही. भोवतालच्या निरोगी हाडासकट जबड्याचा भाग काढावा लागतो, पुढे बऱ्याचदा रेडिएशन. केमोचा उपयोग मर्यादित. छातीचा सीटी स्कॅन हवाच, कारण ही गाठ पसरली तर बहुधा फुफ्फुसांत.