सायनससाठी चिनी काढा, पंधरा दिवस घेऊन बघितला

वेंगुर्ल्यात पाऊस लागला की माझं नाक जे बंद होतं ते थेट गणपतीपर्यंत, कपाळ जड आणि खाली वाकलं की डोळ्यामागे ठणका. निर्गुडीचा वाफारा, सुंठीचा लेप सगळं करून झालंय, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. यंदा दीर बोटीवरून सुट्टीवर आला तो सिंगापूरच्या चिनी औषधवाल्याकडून सुट्या वनस्पतींच्या पुड्या घेऊन.

नाव त्सांग अर त्झ सान, कृती १२५३ च्या चिनी ग्रंथातली. आत चारच वस्तू: कपड्याला चिकटतात ती काटेरी फळं म्हणजे झँथियम, मॅग्नोलियाच्या मिटलेल्या कळ्या (आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलंच झाड), बाय झ नावाचं मूळ आणि चिनी पुदिना. कळ्यांवर मऊ लव असते, ती काढ्यात उतरली की घसा खवखवतो, पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं आणि रात्रभर खोकले, नंतर कळ्या मलमलच्या फडक्यात बांधून उकळायला लागले. पुदिना शेवटच्या पाच मिनिटांत टाकायचा, नाहीतर त्याचा अर्क वाफेबरोबर उडून जातो. चव कडू, वास एवढा उग्र की सासूबाई माजघरातून ओरडल्या, "ह्या काय उकळतंस गो?"

पहिल्या घोटालाच नाक सुटल्यासारखं वाटतं, पण तो मेन्थॉलचा गारवा, नाकाची वाट लगेच रुंद होत नाही. खरा फरक मला आठव्या दिवसानंतर जाणवला, कपाळाचा जडपणा उतरला आणि चुलीवर सुका बांगडा भाजत होता त्याचा वास बाहेरच्या पडवीत आला, इतक्या दिवसांनी वास आला म्हणून बरं वाटलं. काढ्यामुळेच की पाऊस उघडला होता म्हणून, ते मी छातीठोकपणे नाही सांगणार.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. झँथियमचं फळ भाजून काटे काढलेलं असेल तरच घ्या, रस्त्याकडेची फळं तोडून उकळू नका. त्याच्या बियांत आणि कोवळ्या रोपांत यकृताला मारक विष असतं, २००७ साली बांगलादेशात सिल्हेटकडे अन्नटंचाईत लोकांनी ही रोपं भाजी म्हणून खाल्ली आणि १९ माणसं गेली. भाजल्याने विष कमी होतं, पण डोस वाढवणं किंवा महिनोन्महिने पिणं नकोच. गोळ्या घेणार असाल तर लेबल वाचा, काही चिनी सायनसच्या गोळ्यांत मा ह्वांग नावाची वनस्पती असते, तिच्यात बीपी वाढवणारं इफेड्रिन, बीपीवाल्यांनी हात लावू नये.

मी पंधराव्या दिवशी थांबले. दोन पुड्या बरणीत उरल्यात, भावाने मागितल्या, पण त्याला गेल्या वर्षी कावीळ झालेली म्हणून दिल्या नाहीत.