तेलाच्या घाण्याला व्हीएफडी: एक पावसाळा वापरल्यानंतर

फोंड्याजवळ आमचा खोबरेल तेलाचा लाकडी घाणा आहे. 5 एचपीची थ्री-फेज मोटर, पुढे गिअरबॉक्स. बाजूच्या खोलीत खोबरं वाळवायचा ड्रायर, त्याच्या ब्लोअरला वेगळी मोटर. दोन्हींना व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह लावली त्याला आता पावसाळा आणि चवथीची गर्दी उलटून गेली, म्हणून लिहितोय.

विकणारा म्हणाला होता, "बिल सरळ तीस टक्के उतरेल." घाण्यापुरतं ते विसरा. घाण्याचा वेग कमी केला तरी पीळ, म्हणजे टॉर्क, तेवढाच लागतो. वीज कमी ओढली जाते खरी, पण तेलही त्याच मापात उशिरा निघतं. ब्लोअरचं गणित निराळं. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून 80 टक्के वेगाला जेमतेम 51 टक्के शक्ती पुरते. आधी आम्ही झडप अर्धी मिटून हवा कमी करायचो आणि मोटर मात्र पूर्ण वेगात धावायची. बिलात जो काही फरक पडला तो इथला.

मग घाण्याला कशाला? ताब्यासाठी. पावसातलं खोबरं दमट असतं, त्याला सुरुवातीला सावकाश फिरवावं लागतं, पेंड बसायला लागली की वेग वाढवायचा. पूर्वी हे पुली बदलूनच व्हायचं. आता नॉब फिरवला की झालं.

"नुसता व्होल्टेज कमी केला तर?" असं अजून विचारतात. नाही चालत. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, 80 टक्के व्होल्टेजला 64 टक्केच उरतो. भरलेला घाणा जागीच गुरगुरत राहील. 4 पोलच्या मोटरचा वेग मुळात फ्रीक्वेन्सी ठरवते: 50 हर्ट्झला 1500 फेरे, स्लिप, म्हणजे भाराखाली पडणारी थोडी घट, जाऊन 1440 च्या आसपास. पण एकटी फ्रीक्वेन्सी उतरवली आणि व्होल्टेज तसाच ठेवला, तर आतलं लोखंड चुंबकीय भाराने तुंबतं, करंट चढतो आणि वाइंडिंग तापतं. म्हणून ड्राइव्ह दोन्ही सोबत हलवते. 415 भागिले 50, म्हणजे हर्ट्झमागे 8.3 व्होल्ट, 25 हर्ट्झला साधारण 207. 50 च्या वर मात्र व्होल्टेज वाढायला जागा नसते, तिथे वेग मिळतो आणि टॉर्क गळतो. घाण्याला 50 च्या वर नेऊच नका.

खरी कसोटी लागते ती पावसाळी सकाळी. रात्रभर थंड पडलेल्या घाण्यात भरण घातली, बटण दाबलं, डिस्प्ले चारेक हर्ट्झवर आला की मोटर हुंकारते, करंट उसळतो आणि ओव्हरकरंट ट्रिप. इतक्या खाली मिळणारे थोडेसे व्होल्ट स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागातल्या वाइंडिंगच्या, रेझिस्टन्समध्येच खर्च होतात. त्यावर इलाज टॉर्क बूस्टचा, म्हणजे खालच्या फ्रीक्वेन्सीला थोडा जास्त व्होल्टेज देणाऱ्या सेटिंगचा. आमच्या वायरमनने तो थोडा थोडा चढवत नेला आणि घाणा जिथे सुटला तिथे थांबला. फार चढवला तर रिकामी मोटरही तापते. ब्लोअरचा बूस्ट शून्याजवळच आहे, त्याला गरज नाही.

मोटरचा स्वतःचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, वेग उतरला की त्याची हवाही कमी पडते, हे विसरू नका. 20 हर्ट्झवर तास तास चालवली की अंगाला हात लावून बघावं लागतं. आम्ही बाहेरून एक छोटा पंखा लावलाय.

आपल्याकडची दमट हवा ड्राइव्हची वैरी. पॅनेलमध्ये रात्री पिवळा बल्ब चालू ठेवतो, आत दव धरत नाही. पावसात लाईट सारखी जाते-येते तेव्हा ड्राइव्ह अंडरव्होल्टेज दाखवून थांबते आणि आपण बटण दाबेपर्यंत सुरू होत नाही, तशीच सेटिंग ठेवलीय. उखळात कामगाराचा हात असू शकतो. पॅनेल उघडायचं तर मेन बंद करून दहा मिनिटं थांबा. आतले कपॅसिटर पाचशेच्या वर डीसी व्होल्ट धरून बसलेले असतात.

पॉवर फॅक्टरसाठी मोटरच्या टोकांना लावलेला जुना कपॅसिटर असेल तर आधी काढा, नाहीतर ड्राइव्हच जाते. मोटरमधून शिट्टीसारखा आवाज येतो, तो कॅरिअर फ्रीक्वेन्सी, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या स्विचिंगचा वेग, वाढवली की कमी होतो, पण ड्राइव्ह जास्त तापते. आम्ही शिट्टी ऐकतो.

खोबरं कापायच्या मशीनला मात्र ड्राइव्ह घेणार नाही. तिला एकच वेग लागतो, साधा स्टार्टर पुरे.