लेदर जॅकेटच्या आत मेरिनोचा टीशर्ट : महाग आहे पण वसूल

डिसेंबरात पहाटे बाइकवर पुण्याहून निघून वाईवरून पसरणी घाट चढायचा असेल तर नुसतं लेदर जॅकेट पुरत नाही, लेदर वारा अडवतं पण स्वतः गार पडतं आणि तो गारवा थेट छातीला लागतो. त्यात रायडिंग जॅकेट अंगाला घट्ट, आईने विणलेला जाडजूड स्वेटर आत कोंबला की चेनच लागत नाही, लागलीच तर खांदे जाम आणि कोपराचा आर्मर (पडलो तर मार झेलणारं पॅड) जागेवरून सरकतो. म्हणून मेरिनो मेंढीच्या बारीक, मऊ लोकरीचा पातळ, फुल बाह्यांचा टीशर्ट घेतला. साध्या थर्मलपेक्षा बराच महाग आहे राव, पण टोचत नाही, घाम आला तरी ऊब टिकते आणि दुसऱ्या दिवशी घातला तरी वास मारत नाही.

कॉटनचा बनियन आत नकोच, घाम धरून ठेवतो आणि चहाला थांबून परत गाडीवर बसलं की पाठ बर्फ! डाऊनवालं (आत मऊ पिसं भरलेलं) जॅकेटही आत घालून उपयोग नाही, दाबलं गेलं की त्यातली हवा जाते आणि ऊब तर त्या हवेचीच असते. थंडी जास्तच असेल तर मेरिनोवर पातळ फ्लीस (मऊ लवदार सिंथेटिक कापडाचा स्वेटर), बास.

तक्रार म्हणजे धुण्याचे नखरे फार, गरम पाणी चालत नाही, आणि माझ्याच्या काखेत शिवणीजवळ बारीक भोक पडलंय. घ्यायला जाताना जॅकेट सोबत न्या, आत घालून हँडल धरल्यासारखे हात पुढे करा, मनगट उघडं पडलं तर दुसरा बघा. आणि गळ्याला बफ (गळ्यात घालायची कापडी नळी), वारा तिथूनच शिरतो.